प्लिमथचे दोन फ्रेंच
ऑन्री-व्हिएराच्या इंग्लंडपासून दूर, समुद्राकाठच्या एका हिरव्या शहरात घालवलेला वीकेंड

फ्रेंच फुटबॉलर आणि इंग्लंड असं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? थिएरी ऑन्री! फार तर व्हिएरा, पिरेस. माझ्याही डोळ्यांसमोर हेच यायचे, कारण आमचा दादा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. लंडनला नोकरी करतो आणि आर्सेनलचा असा भक्त आहे की देवघरात गणपतीशेजारी लाल स्कार्फ टांगलेला.

त्या शुक्रवारी मी त्याला फोन केला तो फुटबॉलसाठी नव्हे. माझ्या इनबॉक्समध्ये नव्या कंपनीचं ऑफर लेटर होतं, ड्राफ्टमध्ये राजीनामा होता आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पाच वर्षांतली चौथी कंपनी. पैसे जास्त, पोस्ट मोठी, मग अडलंय कुठे? तेच कळत नव्हतं.

"अगं, डोकं पिकलंय तुझं," दादा म्हणाला. "माझ्या ऑफिसात एक प्लिमथवाले काका आहेत. उद्या गावी मॅचला चाललेत, एक तिकीट जास्तीचं आहे. जाऊन ये. मोबाइल मात्र बॅगेत ठेव."

मी रेडिंगला राहते. पॅडिंग्टनहून प्लिमथला जाणारी गाडी तिथे थांबते. पुढे तीन तासांच्या आसपास. बसा तर डाव्या खिडकीशी! एक्झेटर सोडलं की रूळ थेट समुद्राला चिकटतात आणि डॉलिशला तर वाटतं आपण लोकलमध्ये नाही, लाँचमध्ये बसलोय. २०१४च्या फेब्रुवारीत वादळाने इथली समुद्राची भिंत फोडली, रूळ हवेत लोंबकळले आणि दोन महिने प्लिमथची रेल्वे बंद होती. इंग्लंडच्या नकाशात हे शहर किती टोकाला आहे ते यावरून कळतं.

स्टेशनवर काका हिरवी टोपी घालून उभे होते. बाहेर पेस्टीच्या दुकानातल्या बाईंनी मला "माय लव्हर" अशी हाक मारली तेव्हा मी दचकलेच. काका हसले. इकडे सगळ्यांनाच तसं म्हणतात, आपल्याकडच्या "काय गं बाळा"सारखं. पेस्टी म्हणजे करंजीचा तालमीत गेलेला थोरला भाऊ. सारण मटण-बटाट्याचं नाही, बीफ-बटाट्याचं असतं. मी आपली चीज-कांद्याची घेतली. एका पेस्टीत जेवण होतं.

मॅच तीनला होती, म्हणून आधी गाव पाहिलं. समुद्रावर उघडणारं मोठं हिरवं पठार म्हणजे 'हो'. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार दिसत असतानाही फ्रान्सिस ड्रेक इथे निवांत बोल्स खेळत होता, अशी दंतकथा आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा स्मीटन्स टॉवर हा मूळचा भर समुद्रातला दीपस्तंभ, नंतर उचलून इथे आणलेला. खाली बार्बिकनच्या दगडी गल्ल्या, आणि १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाज जिथून अमेरिकेला निघालं त्या पायऱ्या. मधलं शहर मात्र सरळ, रुंद रस्त्यांचं. १९४१च्या बॉम्बफेकीत जुनं शहर जळालं, मग नवं आखून बांधलं. चार्ल्स चर्चची जळकी भिंत त्यांनी तशीच ठेवली आहे, ट्रॅफिकच्या गोल चौकात.

धक्क्यावर फेरी लागली होती. इथून फ्रान्समधल्या रॉस्कॉफला बोट जाते. १९७३ मध्ये ही सेवा सुरू केली ब्रिटनी भागातल्या शेतकऱ्यांनी, कशासाठी? तर आपला फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडच्या बाजारात विकायला! म्हणजे प्लिमथला फ्रान्स आधी भाजीच्या रूपाने आला. फुटबॉलर नंतर आले.

तर आता त्या दोघांची गोष्ट. ती मला काकांनी बंदरावरच्या बाकावर बसून सांगितली.

१९९५च्या बोसमन निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू फुकट दुसऱ्या क्लबात जाऊ लागला. बड्या क्लबांनी बडे मासे पकडले. लहान क्लबांनी फ्रान्सच्या खालच्या फळीत जाळं टाकलं. २०००च्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हालाँस या गावच्या क्लबमधून दोघे जण प्लिमथ अर्गाइलमध्ये आले. गोलकीपर रोमां लारियो, दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या माँ-द-मार्सांचा, वय २४. मिडफिल्डर दाविद फ्रियो, उत्तर-पूर्वेच्या तियाँव्हीलचा, तीन वर्षांनी मोठा.

अर्गाइल तेव्हा 'थर्ड डिव्हिजन'मध्ये होता. नाव तिसरं, पण पायरी चौथी, कारण सगळ्यात वर प्रीमियर लीग. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर असोसिएट व्हाइस प्रेसिडेंटचं कार्ड आणि बसायला जिन्याखालची जागा. कार्लाइलची अवे मॅच म्हणजे एका बाजूने सहाशेहून जास्त किलोमीटर बसप्रवास, तोही बहुधा पावसात. पॅरिसमधल्या कुणा एजंटने याला 'इंटरनॅशनल करिअर' म्हटलं असेल का? मला शंका आहे.

पण पुढच्याच मोसमात, २००१-०२ मध्ये, मॅनेजर पॉल स्टरॉक यांच्या अर्गाइलने १०२ पॉइंट्स मिळवून डिव्हिजन जिंकली. ४६ सामन्यांत अंगावर फक्त २८ गोल. गोलमध्ये लारियो. त्याच मोसमात वर आर्सेनलने प्रीमियर लीग जिंकली होती. २००३-०४ मध्ये पुन्हा तोच योग. आर्सेनल एकही सामना न हरता चँपियन आणि अर्गाइल सेकंड डिव्हिजनचा चँपियन! त्या जानेवारीत चेस्टरफिल्डला ७-० हरवलं, त्यात फ्रियोची हॅट्रिक. २४ एप्रिल २००४ला क्वीन्स पार्क रेंजर्सवर २-० विजय मिळाला आणि ट्रॉफी पक्की झाली. एक गोल मिकी एव्हान्सचा, दुसरा फ्रियोचा. काकांनी तो दिवस असा सांगितला जसं आपल्याकडे २०११चा वानखेडे सांगतात. कुठे बसलो होतो, शेजारी कोण होतं, कोण रडलं.

आणि इथेच दोघांच्या वाटा फुटल्या.

फ्रियो फेब्रुवारी २००५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. नाव मोठं, इतिहास मोठा, दोनदा युरोपियन कप जिंकलेला क्लब. त्या मोसमाअखेर फॉरेस्ट त्याच डिव्हिजनमधून खाली घसरला आणि अर्गाइल वर राहिला. बघा म्हणजे! तरीही फ्रियोचं वाईट काही झालं नाही. पुढे त्याने मँचेस्टर युनायटेडसाठी खेळाडू हेरण्याचं काम केलं.

लारियो राहिला. पण राहणं म्हणजे मजेत राहणं नव्हे. २००३-०४च्या विजेत्या मोसमात त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले, बहुतेक वेळ गोलमध्ये तरुण ल्यूक मॅककॉर्मिक होता. मधल्या काळात गिलिंगहॅम आणि येव्हिलला लोनवर जाऊन आला. म्हणजे आपल्या भाषेत बेंचवर, मग दुसऱ्याच्या प्रोजेक्टवर. परत आला, पुन्हा ग्लव्ह्ज चढवले. आणि मग क्लबच बुडायला लागला. २०१० मध्ये खाली घसरण. मार्च २०११ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात, दहा पॉइंट्स कापले, पुन्हा घसरण. खेळाडूंचे आणि ऑफिसातल्या लोकांचे पगार महिनोन्महिने थकले. ऑक्टोबर २०११च्या अखेरीस जेम्स ब्रेंट यांनी क्लब विकत घेतला तेव्हा कुठे श्वास आला. त्या मोसमात अर्गाइल २४ संघांत २१वा आला, लीगमधून बाहेर फेकला जाता जाता वाचला. २०१२ मध्ये लारियो निवृत्त झाला, तोवर क्लबसाठी तीनशेहून जास्त सामने झाले होते. सुरुवात केली तीच पायरी, बारा वर्षांनंतर.

"म्हणजे शून्य इन्क्रिमेंट," मी म्हणाले. काकांना विनोद कळला, पण ते हसले नाहीत. पगार थकलेल्या त्या महिन्यांत तिकीट खिडकीवरच्या बाई रोज कामावर येत होत्या, त्यांनी सांगितलं, आणि ड्रेसिंग रूममधले जुने चेहरे दिसले की गावाला वाटायचं क्लब अजून आहे. एवढंच. मग पेस्टीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठले.

होम पार्क हे मैदान एका मोठ्या बागेच्या कडेला आहे, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं. बाहेर जॅक लेस्लीचा पुतळा आहे, २०२२ मध्ये उभारलेला. वडील जमैकाचे, जन्म लंडनचा. १९२१ ते १९३४ अर्गाइलसाठी १३७ गोल. १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाली आणि मग नाव वगळलं गेलं, रंगामुळे. देशाने मानाची कॅप दिली ती २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. क्लबने मात्र त्याला तेरा वर्षं आपलं मानलं. बाहेरून आलेल्याला सामावून घेण्याची सवय या गावाला जुनी आहे.

आता मात्र लारियो-फ्रियोसारखं कुणी सहज येऊ शकत नाही. जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटनंतर, युरोपातल्या खेळाडूलाही पॉइंट्स मोजून परवानगी मिळते. देशासाठी किती खेळलास, लीग कोणत्या दर्जाची वगैरे. फ्रान्सच्या खालच्या फळीतल्या चोवीस वर्षांच्या गोलकीपरचे पॉइंट्स किती भरतील? पॉइंट्स मोजून व्हिसा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तीनला पाच कमी असताना खेळाडू बोगद्यातून बाहेर आले आणि बँडची जुनी मार्चिंग ट्यून वाजली. सोळा-सतरा हजार लोक टाळ्यांचा ठेका धरून उभे. ट्यूनचं नाव विचारलं. 'सेम्पर फिडेलिस', जॉन फिलिप सूझाची. लॅटिनमध्ये अर्थ, सदैव निष्ठावान. मनात म्हटलं, घ्या! राजीनामा ड्राफ्टमध्ये ठेवून आलेल्या बाईला हेच ऐकायचं होतं.

मॅच कशी झाली? खरं सांगू, चिखल, ढकलाढकली आणि एक सुंदर सेव्ह. याच क्लबने फेब्रुवारी २०२५ मध्ये एफए कपमध्ये लिव्हरपूलला १-० हरवलं आणि त्याच मोसमात तो पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. प्लिमथकरांना याचं आश्चर्य वाटत नाही. ते पुढच्या शनिवारी येतात.

परतीच्या गाडीत वाटत होतं, आता आपण लारियो व्हायचं ठरवणार. सिनेमात तसंच होतं ना! पण अंधारात समुद्र दिसेनासा झाला आणि मला वेगळीच गोष्ट खटकली. फ्रियो सोडून गेला, तरी काका त्याचं नाव प्रेमाने का घेतात? कारण जाण्याआधी त्याने दोन ट्रॉफ्या गावात ठेवल्या. मी तीन कंपन्या सोडल्या आणि एकही प्रोजेक्ट लाइव्ह जाताना पाहिलेला नाही. माझी आठवण सांगायला माझ्या कुठल्याच जुन्या टीमकडे एखादा २४ एप्रिल नाही.

सोमवारी मी ऑफर घेतली. फक्त जॉइनिंगची तारीख दहा आठवडे पुढे मागितली, चालू प्रोजेक्ट लाइव्ह होईपर्यंतची. नव्या कंपनीने आधी कुरकुर केली, मग हो म्हणाली. दादाला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे तू फ्रियो?"

"अर्धी," मी म्हटलं. "गो-लाइव्ह झालं की सांगते."

जाणार असाल तर: ऑगस्ट ते मे या मोसमात होम पार्कवर मॅच असेल असा शनिवार बघा आणि रेल्वेचं तिकीट आधी काढा, ऐन वेळी ते खिसा कापतं. रात्री बार्बिकनला राहा. रविवारी सकाळी 'हो'वर चहा घ्या. आणि दुकानात कुणी "माय लव्हर" म्हटलं तर दचकू नका, प्लिमथने तुम्हाला आपलं म्हटलंय.