जवारीच्या गावाला

सोनपेठच्या पंचक्रोशीत सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. भर दुपारी जाते, पहाटेच्या पहाऱ्यालाही जाते. शेजारीच जनाबाईंचं गंगाखेड. इथे वीणेचा मान कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण अशी वीणा किंवा गाणं शिकणाऱ्या मुलीसाठी घ्यायचा तानपुरा कसा घडतो, हे डोळ्यांनी पाहायचं तर परळीला रेल्वेत बसावं आणि लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरज गाठावी.

वाद्याचा कच्चा माल याच वाटेवर पिकतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे शेतकरी कडू भोपळ्याचे वेल लावतात. खायला नव्हे, वाजवायला. जाड सालीचा, घाटदार, डाग नसलेला भोपळा वाळवून मिरजेला जातो. कारखान्यात असे भोपळे आढ्याला टांगलेले असतात, कोपऱ्यात रचलेले असतात. कापायच्या आधी ते पाण्यात भिजवतात, मग आतला गर आणि बिया खरवडून काढतात. त्यावर लाकडाची तबली बसते, वर दांडी चढते, खुंट्या लागतात. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथली कोरीव पानं केवळ शोभेची नाहीत. तो सांधा झाकायचं कामही तीच करतात.

मिरजेत हे काम सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकात. शिकलगारांचा धंदा शस्त्रांचा, तलवारींना धार लावण्याचा. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याची कदर होतीच. पुढे त्यांच्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. १९३७ साली ते गेल्यावर त्यांचं दफनही इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. आजही उरुसात तिथे गायक-वादक हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते फार आधी मिळायला हवं होतं.

पोटाच्या धंद्यानं वाद्य घडवल्याची दुसरी गोष्ट दूर समुद्रापलीकडची आहे. १८७९ साली मदैरा बेटावरून मजुरांना घेऊन रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगस्तो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम जाणणारे होते. आपल्या बेटावरचं छोटं तंतुवाद्य त्यांनी हवाईत घडवायला घेतलं, तिथल्या कोआ लाकडाचं, आणि त्यातूनच चार तारांचं युकुलेले आकाराला आलं. राजा कालाकाउआनं ते उचलून धरलं. तलवारीचा हात असो की मेज-कपाटांचा, तो वाद्याकडे वळला तेव्हा दोन्हीकडे जाणकार राजाश्रय होता, याला फार महत्त्व आहे.

तानपुऱ्यालाही तारा चारच: एक पंचमाची, दोन जोडाच्या आणि एक खर्जाची. पण गिऱ्हाइकानं तो हातात घेतला की तारांपेक्षा घोडीकडे, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्याकडे, पाहावं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बेताचा उतार असतो. तो साधणं म्हणजेच जवारी काढणं. कारागीर तार बाजूला सारतो, बारीक कानशीनं माथा दोन-तीनदा घासतो, तार पुन्हा बसवतो, छेडतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला की आवाज एकदम बसतो. केसभर मागे आला की तो खुलतो, लांबतो, त्यातून वरचे सूर झळकू लागतात. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून न लावलेला गंधार ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत कारागीर मान वर करत नाही.

इथे मोजपट्टी चालत नाही, कानच लागतो. म्हणून एकाच हातचे, एकाच मापाचे दोन तानपुरेही सारखे बोलत नाहीत. घेणाऱ्यानं घाई करू नये. मांडीवर आडवा घेऊन, मग उभा धरून, डोळे मिटून ऐकावं, आपल्या पट्टीत लावून मागावा. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा भोपळा आणि लांब दांडी, बायकांच्या वरच्या पट्टीसाठी त्याहून लहान. सप्ताहात रात्र-रात्र वीणा धरलेल्या माणसाला रागाचं नाव सांगता येणार नाही कदाचित, पण कुठला तानपुरा भरून बोलतो हे त्याचा कान चटकन सांगतो.

मोबाइलवरचा तानपुरा आता घरोघरी पोचलाय आणि रियाजाला त्याची सोय आहे. पण ज्या मुलीनं खुंटी पिळून, तारेतला मणी सरकवून स्वतः सूर मिळवला, तिला सुराची ओळख आतून होते. तालुक्याच्या गावी निदान एक तरी खरा तानपुरा असायलाच हवा.

तो नेताना भोपळ्याला गोधडीत गुंडाळावं, गाडीत आपल्या नजरेसमोर ठेवावा, उन्हात आणि ओलीत ठेवू नये. वाजवून वाजवून तारेची घोडीवर खाच पडते आणि जवारी बिघडते. ती पुन्हा काढून घ्यायला जाणकार हातच लागतो. मिरजेचे कारागीर त्यासाठी पुण्या-मुंबईला जातात. सोनपेठकराला मात्र घोडी दाखवायला परळीहून पुन्हा मिरजेची गाडी धरावी लागते.