चालत्या जाळ्यांतील निरोपाची वाट

ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत मी साताऱ्याहून सांगलीच्या आप्तांस मोबाईल लावीत असें, पण पलीकडून शब्द येत नसे. मनोऱ्यांस वीज लागते; ती गेली कीं गांवांत शेंकडों यंत्रें असूनहि सारीं मुकीं होतात. वास्तविक शेजारच्या दोन यंत्रांस एकमेकांशीं बोलावयास मनोरा कशास हवा?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं पूर्वींच हातीं घेतला आहे. प्रत्येक यंत्रानें शेजाऱ्याचा निरोप पुढें द्यावा, अशा बिनतारी जाळ्याचे प्रयोग अमेरिकेंत १९७० च्या दशकांत झाले. अशा जाळ्यास ‘ॲड हॉक’, म्हणजे प्रसंगापुरतें उभें केलेलें, असें म्हणतात. परंतु माणसें चालतात, त्यांच्याबरोबर यंत्रेंहि चालतात. म्हणून आतांची वाट घटकाभरानें राहत नाहीं.

हा पाठ समजावा म्हणून मीं वर्गांतील मुलांस मैदानावर पांगून चालत राहण्यास सांगितलें. नियम असा कीं, हात पोंचेल त्यासच चिठ्ठी द्यावी. ज्यास चिठ्ठी द्यावयाची त्याचा ठाव प्रत्येकजण प्रत्येकास विचारूं लागला, तेव्हां एवढा गलका झाला कीं उत्तर कोणासच ऐकूं येईना. यंत्रांचीहि हीच गत होते.

यावर १९९९ सालीं चार्ल्स पर्किन्स व एलिझाबेथ रॉयर यांनीं ‘एओडीव्ही’ नांवाची पद्धति मांडली. गरज पडेल तेव्हांच वाट विचारावी. प्रत्येक विचारणेस क्रमांक द्यावा आणि तीच पुन्हां आल्यास पुढें धाडूं नये. आधीं जवळपास पाहावें, मग वर्तुळ वाढवावें. वाट तुटल्याचें ज्यास कळेल त्यानें तें तत्काळ मागें कळवावें. मुलांनीं हे नियम पाळतांच चिठ्ठी पोंचली. मात्र मधोमध असलेल्या एका मुलाच्या हातून बहुतेक चिठ्ठ्या जाऊं लागल्या व तो दमला. यंत्राची बॅटरीहि अशीच संपते. म्हणून पुढील संशोधकांनीं जवळच्या वाटेबरोबर वाहकाची उरलेली शक्तीहि पाहावी, असें सुचविलें.

अशी सांखळी साताऱ्याहून सांगलीपर्यंत पोंचणार नाहीं. एका मोबाईलची हांक फार लांब जात नाहीं. परंतु पाण्यानें वेढलेल्या गांवांत एकाच यंत्राचा बाहेरशीं संबंध असला, तरी सर्व गांवाचा निरोप त्याच्यापर्यंत जाऊं शकेल. मध्यें पाणी असल्यास नावेंतील मोबाईल निरोप सांठवून पलीकडे नेईल. मात्र ही योजना यंत्रांत आधीं घालून, शेजाऱ्यांसह तिचा सराव केलेला असला पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, तें काम उन्हाळ्यांतच करावयाचें आहे. पाणी दारीं आल्यावर तें साधत नाहीं.