जाणे, गेला आणि गया

'बसणे'चे 'बसला', 'उठणे'चे 'उठला', मग 'जाणे'चे 'जाला' का नाही? उर्दू माध्यमातून आलेलं मूल हा प्रश्न तोंडाने विचारत नाही. ते वहीत 'अब्बा बाजारात जाला' असं लिहितं. त्यावर लाल रेघ ओढणं सोपं आहे. पण त्या मुलाने मराठीचा नियम बरोबर ओळखलेला असतो.

त्याला विचारावं, बेटा, घरी तू 'जाया' म्हणतोस का? नाही, 'गया' म्हणतोस. म्हणजे हा अपवाद त्याच्या घरात आधीपासूनच आहे. संस्कृतात जाण्याचे 'या' आणि 'गम्' असे दोन धातू होते. 'याति'वरून 'जा' आला. 'गत'वरून उर्दूत 'गया' झाला, मराठीत 'गेला'. 'कृत'चं तिकडे 'किया', इकडे 'केला'. 'मृत'चा मराठीत 'मेला' झाला. उर्दूत आता 'मरा' चालतो, पण 'मुआ' जुन्या बायकांच्या बोलण्यात शिल्लक राहिला. दादी 'मुआ' म्हणते आणि शेजारची आजी 'मेल्या' म्हणते, तेव्हा दोघींची शिवी एकाच मुळाची असते.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्रजीत 'गो'चं 'वेन्ट' होतं. इटालियनमध्ये 'मी जातो' म्हणजे 'वादो' आणि 'आपण जातो' म्हणजे 'अन्दियामो'. रोजच्या वापरातली क्रियापदं अशीच वाकडी राहतात, कारण ती कानावर इतकी पडतात की नियमाला त्यांना सरळ करायला सवडच मिळत नाही. म्हणून जाणे, येणे, करणे, होणे, देणे, घेणे, खाणे, पिणे ही क्रियापदं तक्ता पाठ करून येत नाहीत, बोलून येतात.

खरी अडचण पुढे आहे. आपल्या दखनीत 'मैं रोटी खाया' म्हणतात, किताबी उर्दूत 'मैंने रोटी खाई'. त्यामुळे मूल 'मी भाकरी खाल्लो' लिहितं आणि वर्गात हशा पिकतो, 'हे बघा मुसलमानी मराठी!' पण उमरगा, सोलापूरकडे 'मी काम केलो' असं अस्सल मराठी घरांतही ऐकू येतं. तिथे कोणी धर्म विचारत नाही. गंमत म्हणजे इथे किताबी उर्दू मराठीच्या बाजूने उभी आहे. 'रोटी' स्त्रीलिंगी म्हणून 'खाई', 'भाकरी' स्त्रीलिंगी म्हणून 'खाल्ली'. ज्याची उर्दू पक्की, त्याला हा नियम निम्मा आलेलाच असतो.

1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी भाषा उर्दू होती, आणि मराठी घरांतली मुलंही शाळेत 'गया', 'किया' गिरवत होती. त्यातली कित्येक पुढे उत्तम उर्दू लिहू लागली. आज पाटी उलटी फिरली आहे, एवढंच.

आपल्या मुलांना लेखी मराठी चोख यायलाच हवी. पोलीस भरतीच्या पेपरात व्याकरणाचे गुण असतात आणि तिथे 'खाल्लो'ला माफी नाही. म्हणून पालकांना एक विनंती आहे. मराठी सुधारायची म्हणून घरातली उर्दू बंद करू नका. संध्याकाळी मुलाला दिवसभरात काय काय केलं ते आधी उर्दूत सांगायला लावा, मग तेच मराठीत. पंधरा मिनिटं पुरतात.