सांवलीवरून कोन

गणिताच्या पुस्तकांतील कांहीं प्रकरणें अशीं असतात, कीं तीं सोडवितां येतात. परंतु तीं कशासाठीं सोडवावयाचीं, हें ध्यानांत येत नाहीं. व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचें प्रकरण आम्हांस तसेंच वाटत असे. कोनावरून त्याची ज्या किंवा स्पर्शज्या काढणें ही सरळ रीत. ज्येवरून किंवा स्पर्शज्येवरून कोन काढणें ही उलट रीत. सरळ रीतीनें मिनाराची उंची निघते, हें आम्ही शिकलों होतों. उलट रीत कोणाच्या उपयोगी पडते?

आमच्या एका सोबत्यास हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. त्याचे वडील छपरांवर सोलर पॅनेल बसविण्याचें काम करितात. परीक्षेनंतर मुलानें शाळा सोडून आपल्या हाताखालीं यावें, असें त्यांचें मत होतें. “ह्या गणितानें पोट भरतें काय?” असें ते विचारीत, आणि मुलास उत्तर देतां येत नसे.

मार्चच्या २० तारखेस, म्हणजे वसंतसंपाताच्या दिवशीं, आम्ही गणिताच्या शिक्षकांबरोबर दौलताबादेस गेलों. सोबत्याचे वडीलही ओळंबा व पाणसळ घेऊन आले होते. किल्ल्याच्या पायथ्याशीं, चांदमिनार दिसेल अशा मोकळ्या जागीं, पाणसळीनें जमीन सपाट असल्याची खात्री करून आम्हीं एक मीटर उंचीची कांठी ओळंब्यानें सरळ उभी केली आणि सांवलीच्या टोंकाशीं वरचेवर खडूनें खुणा करूं लागलों. घड्याळांत बारा वाजले, तरी सांवली आंखूडच होत होती. कारण आपलें घड्याळ ८२॥ पूर्व रेखांशाच्या वेळेप्रमाणें चालतें, आणि दौलताबाद त्याच्या सात अंशांहून अधिक पश्चिमेस आहे. साडेबारा वाजून कांहीं मिनिटें गेल्यावर ती सर्वांत आंखूड झाली. तेव्हां ती ३६ सेंटिमीटर भरली.

या दिवशीं सूर्य विषुववृत्तावर असतो. म्हणून माध्यान्हीं तो आपल्या डोक्यापासून जितके अंश कललेला दिसतो, तितकेच आपल्या गांवाचे अक्षांश. ज्याची स्पर्शज्या ०.३६ आहे तो कोन कोणता? उत्तर आलें १९.८ अंश. नकाशांत दौलताबादचे अक्षांश सुमारें १९ अंश ५७ कला आहेत. सूर्य हा बिंदु नसून बिंब आहे. म्हणून सांवलीची कड पुसट असते, आणि एवढा फरक त्या पुसटपणांत सहज सामावतो. एक कांठी व एक सांवली यांवरून पृथ्वीवरील आपलें स्थान सांपडलें, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें.

शिक्षकांनीं सांगितलें, कीं ही रीत ह्या भूमीस नवी नाहीं. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या गणितांत बारा अंगुळांचा शंकु उभारून संपाताच्या दिवसाची माध्यान्हछाया मोजितात. तिला पलभा म्हणतात. दौलताबादेस ती चार अंगुळें व सुमारें एक तृतीयांश भरेल. तिच्यावरून कर्ण, कर्णावरून ज्या, आणि ज्येवरून चाप काढावयाचें. ज्येवरून चाप काढणें हीच आमची उलट रीत! अक्षांश हातीं आल्यावांचून त्या गांवचा सूर्योदय व दिनमान नेमकें सांगतां येत नसे. दौलताबादचें जुनें नांव देवगिरी. तेथील यादव राजा सिंघण याच्या दरबारीं भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे मुख्य ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांनीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला, इ. स. १२०७ मध्यें त्यास दिलेल्या दानांचा शिलालेख तेथें आहे.

सोबत्याचे वडील हें सर्व शांतपणें ऐकत होते. मग ते म्हणाले, “आम्ही पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून वीस अंशांच्या आसपासच कलतें ठेवतों. पण वीसच कां, हें मला आजवर कोणी सांगितलें नव्हतें.” त्यांनीं लागलीच एक अडचण पुढें मांडली. एका घराचें पत्र्याचें छप्पर दक्षिणेकडे उतरतें होतें. दोन मीटरांच्या पायास त्याचा चढ ४० सेंटिमीटर होता. त्यावर पॅनेल आणखी किती उचलावें? मुलानें कागदावर ०.२ मांडलें, त्याचा कोन सुमारें ११.३ अंश काढला, आणि वीस होण्यास ८.७ अंश हवेत, असें सांगितलें. टेपनें बाजू मोजतां येतात. त्यांतून कोन काढून देते ती उलट रीत. चाकांच्या खुर्चीसाठीं बारा फुटांस एक फूट चढणारा उतार बांधितात, त्याचा कोन पांच अंशांहूनही कमी असतो, हेंही तीच सांगते.

परीक्षेनंतर मुलानें काय करावें, याचा निर्णय त्या घरीं अद्याप झालेला नाहीं. मात्र आतां वडील “पोट भरतें काय?” असें विचारीत नाहींत, “आणखी किती वर्षें शिकावें लागेल?” असें विचारितात.

आमच्या धाकट्या बंधुभगिनींस एवढीच विनंति, कीं येत्या सप्टेंबरांत दिवस व रात्र समान होतील तेव्हां आपल्या अंगणांत एक कांठी उभी करावी, आणि वडीलधाऱ्यांस तिची सांवली मोजावयास बोलवावें.