हूल द्या, चेंडू न्या!

फुटबॉल म्हणजे लाथ मारायचा खेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी चपला काढाव्यात आणि अंगणात यावं. चेंडू नुसता मारायचा नसतो हो, न्यायचा असतो! पायापायानं, अंगाशी ठेवून न्यायचा, समोरचा अंगावर आला की त्याला चकवायचं आणि तो वळेपर्यंत पसार व्हायचं. याला ड्रिबलिंग म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत भागाकार शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला या ड्रिबलिंगनं असं झपाटलंय, की फळ्यासमोर उभी असतानाही माझा उजवा पाय आपोआप आत-बाहेर, आत-बाहेर होत असतो. मुलं हसतात. हसू देत.

धारूरमध्ये कुठून आला फुटबॉल, असं विचाराल. आमच्याकडे किल्ला आहे, बालाघाटाचे डोंगर आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ आहे. क्रिकेट गल्लोगल्ली चालतं आणि कबड्डी तर विचारूच नका. पण चेंडूही होते, कपाटात! 2017 साली 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरला. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यात ‘मिशन वन मिलियन’ झालं होतं. एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा तो घाट होता. शाळाशाळांत चेंडू आले, मुलं खेळली, फोटो निघाले. पुढे आमचे चेंडू डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि खडूच्या खोक्यांमागे जाऊन बसले.

ते बाहेर काढले माझ्या भाच्यानं. तो कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे, पण अभ्यासापेक्षा त्याचा जास्त जीव राजर्षी शाहू स्टेडियममध्ये. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तो अशी घेतो, जशी आपण पाहुण्यारावळ्यांची घेतो. पेठापेठांच्या तालमींचे संघ आणि सामना असला की अर्धं गाव स्टेडियमकडे! त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या त्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. म्हणजे ज्या स्पर्धेच्या निमित्तानं आमच्या शाळेत चेंडू आले, तिच्यात आपल्याच महाराष्ट्रातला पोरगा खेळत होता आणि चेंडू इथे खडूच्या धुळीत!

भाच्यानं आधी सायकलच्या दुकानातून पंप आणला. पिन थुंकीनं ओली केली आणि मगच वॉल्वमध्ये घातली. कोरडी घातली तर आतलं रबर फाटतं. आणि चेंडू दगडासारखा टणक फुगवला नाही, अंगठ्यानं दाबला तर किंचित दबेल एवढाच ठेवला. आमच्या मुरमाच्या मैदानावर टणक चेंडू नुसता टणाटणा उडतो, पायाशी थांबतच नाही. मोठ्यांचा चेंडू पाच नंबरचा असतो, घेर 68 ते 70 सेंटीमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. लहान मुलांसाठी चार नंबरचा बरा. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी आपली पदर खोचून लाथ मारायला तयार!

“मावशी, मारू नको. सोबत घेऊन चल.”

आणि इथून सुरू झाली खरी गंमत. चेंडू न्यायचा तो बुटाच्या टोकानं नाही, अंगठ्यानंही नाही. करंगळीच्या बाजूला पायाचा जो वरचा भाग असतो ना, तिथं. पाऊल जरा आत वळवायचं, बोटं जमिनीकडे झुकवायची, गुडघा चेंडूच्या वर आणायचा आणि धावता धावता त्या पायाच्या प्रत्येक पावलाला चेंडूला नुसतं लावायचं. ढकलायचं नाही, लावायचं! भाकरी थापताना हात जेवढा हलका लागतो, तेवढाच पाय हलका. जोर दिला की चेंडू गेला सीताफळाच्या झुडपात. गंमत म्हणजे असं पाऊल वळवून धावताना धावण्याची लय मोडत नाही. पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू नेला तर नितंबापासून सगळा पाय बाहेर फिरवावा लागतो आणि माणूस बदकासारखा चालतो. करंगळीच्या बाजूनं नेला की आपण सरळ धावतोय आणि चेंडू आपणहून पुढे चाललाय, असं वाटतं.

मग आतली बाजू कशासाठी? वळण्यासाठी, आणि या पायाकडून त्या पायाकडे देण्यासाठी. जागेवर उभं राहून दोन्ही पावलांच्या आतल्या कडांनी चेंडू टकटक, टकटक खेळवायचा, गुडघे वाकवून, चवड्यांवर. दोन मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागतात! तळवा कशासाठी? चेंडू मागे ओढण्यासाठी. समोरच्यानं पाय घातला रे घातला, की तळव्यानं चेंडू सर्रकन मागे घ्यायचा. त्याचा पाय हवेत आणि आपला चेंडू आपल्याजवळ. टाच राहिली, तिचीही पाळी येते. एका पायाला पाच-सहा हत्यारं, आणि एवढी वर्षं आम्ही फक्त अंगठा वापरत होतो.

मैदानावर आम्ही मुलांच्या चपला ओळीनं मांडल्या. एक पाऊल अंतर, मग दोन पावलं, मग पुन्हा एक. अंतर मुद्दाम वेडंवाकडं ठेवायचं, नाहीतर पायांना तालच पाठ होतो. त्यातून नागमोडी चेंडू नेला. एकदा उजव्यानं, एकदा डाव्यानं, एकदा फक्त तळव्यानं. आणि भाचा पलीकडे उभा राहून बोटं दाखवायचा, “किती?” “तीन!” म्हणजे मान वर हवी. चेंडू पाहायचा तो नजरेच्या खालच्या कडेनं. मान खाली घालून चेंडू नेणाऱ्याला समोर कोण आलंय तेच कळत नाही.

एवढं जमलं आणि मला वाटलं, आता मी पेलेच. भाचा हसला. “मावशी, चपलेला चकवून काय उपयोग? चपलेला वजनच नाही.”

हे वाक्य लिहून ठेवा. सगळा खेळ या एका वाक्यात आहे! समोरचा माणूस चेंडूकडे झेपावतो तेव्हा क्षणभर त्याचं सगळं वजन एका पायावर येतं. ज्या पायावर वजन आलं, तो पाय जमिनीत रुतला म्हणून समजा. तो उचलायला त्याला अर्धा क्षण लागणार. त्या अर्ध्या क्षणात त्या पायाच्या उलट्या बाजूनं निघायचं! तो स्वतःहून वजन टाकत नसेल, तर टाकायला लावायचं. खांदा डावीकडे पाडायचा, नजर डावीकडे टाकायची, चेंडूवरून पाय फिरवायचा, चेंडूला मात्र हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. तो डावीकडे झुकला की आपण उजवीकडे. आणि सुटलो की सुसाट. आधी सावकाश, मग एकदम जोरात. हा वेगातला फरक नसेल तर हूल फुकट.

मी जागेवर उभीच राहिले. अरे, हे तर मला येतं! शाळेत असताना मी कबड्डीत चढाई करायचे. कोपऱ्यावरची पोरगी पुढच्या पायावर आली की उलट्या बाजूनं बोट लावून परत. हात पुढे करून हूल द्यायची, ती पायावर झेपावली की लाथ मारून मध्यरेषा गाठायची. आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराला, पोरीला समोरच्याचं वजन वाचता येतं, कुणी न शिकवता. आपल्याकडे अर्धं ड्रिबलिंग आधीच तयार आहे. उरलेलं अर्धं म्हणजे चेंडू, आणि तो पायाशी ठेवायला मेहनत लागते, दुसरं काही नाही.

त्या रात्री मी मोबाईलवर जुने व्हिडिओ पाहत बसले, झोप कुठली! ब्राझीलचा गारिंचा बघा. पाय वाकडे, आणि सगळ्या जगाला माहीत की हा उजवीकडूनच निघणार. बचावपटूलाही माहीत! तरी गारिंचा उजवीकडूनच निघायचा आणि निघून जायचा. 1958 आणि 1962 असे दोन विश्वचषक ब्राझीलनं जिंकले, दोन्हीत तो होता. दिशा ठाऊक असून काय उपयोग, निघायची वेळ ठाऊक नाही ना! 22 जून 1986 चा मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा गोल घ्या. आपल्याच अर्ध्या मैदानातून निघाला आणि थेट गोलरक्षकालाही वळसा घालून आत, चेंडूला सगळा वेळ डावाच पाय. मी तो थांबवून थांबवून पाहिला आणि चेंडू सोडून बचावपटूंच्या पायांकडे बघितलं. एकेकाचं वजन बरोबर चुकीच्या पायावर! आणि 1974 मध्ये नेदरलँड्सच्या क्रायफनं स्वीडनच्या ओल्सनला दिलेली हूल? चेंडू उंच मारायचा आव आणला, ओल्सन अडवायला झेपावला, आणि क्रायफनं त्याच पायाच्या आतल्या कडेनं चेंडू आपल्या टेकलेल्या पायामागून उलटा ओढला. सामना 0-0 सुटला. पण ते वळण आज जगभरची पोरं क्रायफच्या नावानं शिकतात.

आणखी वाचत गेले तर कळलं, की 1863 साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले गेले तेव्हा चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला पास देताच येत नसे. म्हणून ज्याच्या पायात चेंडू तो एकटाच तो रेटत पुढे न्यायचा. नियम सैल झाले, पास देण्याची कला नंतर बहरली. म्हणजे या खेळात ड्रिबलिंग थोरलं, पास धाकटा! आणि बुटांवाचून अडतं असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. फ्रान्सविरुद्ध 1-2 असे हरले, पण फ्रान्सला घाम फोडून. आमच्या मैदानावर अनवाणी येणाऱ्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं आणि छाती फुगवली.

आता आमच्या मैदानावर सगळ्यात आवडता खेळ एकच. चुन्यानं एक चौकोन आखायचा. आत आठ-दहा जण, प्रत्येकाकडे चेंडू. चेंडू कमी पडले तर कापडाचे, टेनिसचे, काय हाताला येईल ते. आपला चेंडू सांभाळायचा आणि दुसऱ्याचा चौकोनाबाहेर घालवायचा. शेवटी उरेल तो जिंकला. मान वर, अंग मध्ये घालून चेंडू झाकणं, हूल, पळ, सगळं त्यात आपोआप येतं. मुरमावर चेंडू कुठेही उसळतो, म्हणून पाय सारखे जागे ठेवावे लागतात. गुळगुळीत हिरवळ मिळाली तर आमची पोरं काय करतील, विचार करा! चौथीतली एक मुलगी तर चेंडू तळव्याखाली ठेवून अशी उभी राहते की समोरचा झेपावेपर्यंत पापणी लववत नाही. तो झेपावला की ती गायब. तिला हे मी शिकवलेलं नाही, ती मला शिकवते.

आणि दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. आमच्या तालुक्यातली किती घरं कुलपं लावून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही जातात. क्रिकेट खेळायला गडी लागतात, कबड्डीला तर लागतातच. ड्रिबलिंगला एक चेंडू आणि चार पावलं जागा पुरते. फडाजवळच्या कोपीसमोरसुद्धा ते चालतं. समोर कुणी नसेल तर चिपाडं रोवा, आणि बहीण-भाऊ असेल तर मग काय, वजनासकट बचावपटू घरचाच!

म्हणून यंदा मी ठरवलंय. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बोचक्यात एक चेंडू जाणार, सोबत पंपाची पिन आणि “डावा पायही वापर” एवढाच गृहपाठ. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते मुख्याध्यापकांशी भांडून ठरवू. तोवर रविवारी सकाळी मैदानावर या. चपला घालून या, म्हणजे ओळीत मांडायला होतील.