रिमोट कुणाचा, रोबो कुणाचा!

डिसेंबरातला वीकेंड आहे, मॉल फिरून कंटाळा आलाय? मग बॉस, सरळ कांजूरमार्गला उतरा, रिक्षा पकडा आणि 'आयआयटी मेन गेट' म्हणा. 1998 साली सुरू झालेला आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट हल्ली डिसेंबरात भरतो. (प्रवेशाचे नियम आधी बघून जा, नाहीतर गेटवरूनच परत!) एरवी हा कॅम्पस म्हणजे झाडं, सायकली आणि मागे निवांत पसरलेला पवई तलाव. पण रोबोवॉरच्या रिंगणापाशी या... लोखंडावर लोखंड आपटतंय, ठिणग्या उडताहेत, पब्लिक किंचाळतंय. एकदम सही!

सगळे ठिणग्या बघतात. मी मात्र रिमोट धरलेली बोटं बघतो.

कॉलेजात असताना आम्हीही रोबो केला होता. वायपरच्या मोटारी, स्कूटरची बॅटरी आणि खेळण्यातल्या गाडीतून काढलेलं 27 मेगाहर्ट्झचं रिमोट. सेमीफायनलला समोर माझाच शाळूसोबती. शिट्टी वाजली आणि मी बटणाला हातही लावला नसताना आमचा रोबो सुसाट पुढे गेला, थेट खड्ड्यात. मी सगळ्यांसमोर त्याला चीटर म्हटलं. तो काहीच बोलला नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही बोललोच नाही.

घोळ अगदी साधा होता. त्याचं रिमोटही तसल्याच गाडीतलं. या स्वस्तातल्या सर्किटमध्ये 'पुढे', 'मागे' यासाठी ठरावीक संख्येचे ठोके हवेत जातात. ते पाठवतंय कोण, हे रिसीव्हर विचारतच नाही. एका खोलीत दोन आया 'बाळा, इकडे ये' म्हणाल्या तर दोन्ही बाळं धावणारच ना! त्याने 'पुढे' दाबलं, आमचंही बाळ पळालं. रिमोटची विमानं उडवणाऱ्या मंडळींकडे यावर भारी उपाय होता. फळ्यावर प्रत्येक चॅनेलचा एकच चिमटा, आणि तो ज्याच्याकडे त्यानेच रिमोट चालू करायचं. आम्हाला हे कोण सांगणार?

आता रिमोट असतात 2.4 गिगाहर्ट्झचे. भारतात कमी ताकदीच्या उपकरणांसाठी हा पट्टा 2005 पासून विनापरवाना आहे. रिमोट आणि रिसीव्हरची आधी जोडी लावतात. मग रिसीव्हर फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतो. झंझट मिटली? पुरती नाही. वायफाय, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि गर्दीत प्रत्येकाच्या खिशात फोन. त्यात रोबोचं अंग धातूचं. रिसीव्हर आत कोंडला तर सिग्नल पोचणार कसा? म्हणून अँटेनासाठी प्लास्टिकची खिडकी ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेलसेफ: सिग्नल तुटला की मोटर आणि हत्यार, दोन्ही बंद. साठ किलोचं धूड बेवारस फिरायला लागलं तर?

हे सगळं मला समजावलं त्यानेच, गेल्या डिसेंबरात, तिथल्याच कठड्याला टेकून. तो आता टेलिकॉममध्ये आहे. मी कसंबसं सॉरी म्हटलं.

"अरे, क्वार्टरफायनलला माझा रोबो आपोआप मागे जात होता," तो म्हणाला. "बाजूला तू प्रॅक्टिस करत होतास."

गेटबाहेरच्या कटिंगचे पैसे मी दिले.