आडव्या वहीचं उभं खातं

पाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की माझ्या दुकानात वह्या यायला लागतात. वडवणीच्या बाजारात माझं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान आहे. टोळीचा मुकादम लांबट वही टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, प्रत्येकाचं वेगळं करून द्या."

वही आडवी असते. डाव्या कडेला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, एकाखाली एक. वर तारखा, दिवाळीनंतरच्या पहिल्या खेपेपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत. एका ओळीत एका कोयत्याचा अख्खा हंगाम. कारखान्याच्या काट्यावर खेप 18 टन भरली आणि त्या दिवशी फडात नऊ कोयते होते, तर प्रत्येकाच्या ओळीत 2 चढतात. मुकादमाला हीच मांडणी सोयीची. त्याला एका नजरेत अख्खी टोळी बघायची असते.

कोयत्याला मात्र टोळी नको असते, स्वतःचं खातं हवं असतं. पावसाळ्यात घेतलेली उचल किती, त्यातली किती फिटली, किती अंगावर राहिली. दीडशे दिवसांची ओळ छापायला गेलं तर दहा-बारा कागद एकमेकांना चिकटवावे लागतात. तेच उभं केलं की दोन-तीन कागदांत बसतं आणि मोबाइलवरही बोटानं वर सारत वाचता येतं. म्हणून माझं निम्मं काम आडव्याचं उभं करण्याचं.

सुरुवातीला मी वही एक्सेलच्या शीटमध्ये उतरवून त्यातली ओळ कॉपी करून ‘ट्रान्सपोज’नं उभी चिकटवायचो. दिसायला ठीक, पण ते मेलेले आकडे. आठ दिवसांनी मुकादम काट्याची राहिलेली पावती घेऊन यायचा, वहीच्या शीटमध्ये दुरुस्ती व्हायची आणि वाटलेल्या खात्यांत जुनाच आकडा राहायचा. उचलीच्या हिशेबात एक टन इकडचा तिकडं होणं म्हणजे कुणाच्या तरी घरात भांडण. उभं खातं आडव्या ओळीशी बांधलेलंच हवं, हे मला तिथं कळलं. हार्वर्डच्या वर्गात फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे बघून डॅन ब्रिकलिनला स्प्रेडशीट सुचली. बॉब फ्रँकस्टनसोबत त्यानं 1979 साली व्हिजिकॅल्क आणलं. मूळ आकडा एकाच जागी राहावा आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याकडं बघावं, ही त्यातली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

पण बांधणं सोपं नाही. चौथ्या ओळीतल्या पहिल्या तारखेचा आकडा फॉर्म्युल्यानं आणला आणि तो खाली ओढला, तर एक्सेल पुढच्या तारखेला जात नाही. ते पाचव्या ओळीत उतरतं, म्हणजे शेजारच्या कोयत्यात. एकानं तोडलेला ऊस दुसऱ्याच्या खात्यात. ओळीच्या आकड्याला डॉलर लावून ती बांधून टाकली, तर प्रत्येक दिवशी पहिल्याच दिवसाचा आकडा येतो. आपण खाली चाललोय आणि आकडा उजवीकडून हवाय, हे त्याला सांगावं लागतं. मी इंडेक्स आणि मॅच वापरतो. एक मॅच कोयत्याचा नंबर शोधतो, दुसरा तारीख शोधतो, आणि दोन्ही जिथं छेदतात तिथला आकडा इंडेक्स उचलून आणतो. तारखा मात्र खऱ्या तारखा हव्यात. नुसती अक्षरं म्हणून टाइप झालेली तारीख मॅचला सापडतच नाही.

दरही मी एका सेलमध्ये ठेवत नाही, तारखेवार ओळीत ठेवतो. जानेवारी 2024 मध्ये, हंगाम निम्मा झाल्यावर, तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली तेव्हा ती ओळ तेवढी दुरुस्त केली. सगळ्या कोयत्यांची खाती आपोआप बदलली.

माझी सगळ्यात मोठी चूक रिकाम्या सेलची. एक मावशी लेकीला घेऊन आल्या. लेक सहावी-सातवीतली असावी. तिनं खातं वाचून दाखवलं, मावशी बोटांवर मोजत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सात खाडे कसे? त्या दिशी गाडीच आली नव्हती. मंग खाडा कशाचा?" खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि त्याचे पैसे कापले जातात.

मी वहीच्या शीटमधली ओळ उघडली. तिथं खाडे तीनच होते. उभ्या खात्यात सात. ओळीत गैरहजेरीला शून्य टाकलेलं होतं आणि गाडी न आलेले चार दिवस रिकामे होते. फॉर्म्युला रिकाम्या सेलकडं बघतो तेव्हा शून्य आणतो. माझा मोजणारा फॉर्म्युला त्या शून्यांनाही खाडा धरत होता. चार दिवस पाचटाच्या कोपीत गाडीची वाट बघत बसलेल्या बाईला मी कामचुकार ठरवलं होतं. त्या रात्री बसून टोळीतली सगळी खाती काढली, मूळ सेल रिकामा असेल तर इथंही रिकामाच ठेव, अशी अट घातली. सकाळी नवीन कागद नेऊन दिले.

तेव्हापासून रिकामं काही ठेवत नाही. आडव्या ओळीतच ‘गाडी नाही’, ‘पाऊस’ असं लिहितो. शब्द तसाच उभ्या खात्यात उतरतो आणि बेरजेत येत नाही.

पुढच्या दिवाळीआधी, टोळी निघायच्या चार दिवस आधी, त्या मावशी मुकादमाला घेऊनच दुकानात आल्या. म्हणाल्या, "ते तीन खाडे खरेच हायेत. पण मी तापानं पडले होते. त्याला काय लिहिता?"

कापायचं की नाही, ते त्या दोघांच्या बोलीत ठरायचं होतं. मी त्या तीन सेलमधली शून्यं खोडली आणि ‘आजारी’ लिहिलं. खाली त्यांच्या खात्यात तो शब्द तीन ठिकाणी उमटला. मुकादमाच्या वहीत त्या तारखांना नुसत्या फुल्या होत्या. मावशींनी लेकीला तिन्ही ठिकाणी बोट ठेवून वाचायला लावलं, आणि मुकादम उभ्यानंच ऐकत राहिला.